सिंथेटिक ऑइलनं पैसे वाचतात का? आधी गाडीची पुस्तिका काढा
वाचकांचे प्रश्न : पैसा आणि कायदा

या वेळच्या टपालात इंजिन ऑइलबद्दलचे बरेच प्रश्न होते. त्यातले चार निवडले आहेत. हिशेबात धरलेले भाव अंदाजाचे आहेत. तुमच्या पंपाचा आणि दुकानाचा भाव घालून आकडेमोड पुन्हा करावी.

प्रश्न : माझी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक आहे. इंदिरानगरहून सिन्नरला कंपनीत रोज जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर होतात. गाडी लिटरला १६चं ॲव्हरेज देते. आमचा मेकॅनिक आजवर २०डब्ल्यू-४० ऑइल टाकायचा. आता तो म्हणतो, फुली सिंथेटिक टाका, ॲव्हरेज दोन किलोमीटरनं वाढेल आणि ऑइलचे पैसे पेट्रोलमध्येच सुटतील. हे खरं आहे का?
– एक वाचक, नाशिक

दोन किलोमीटरची आशा सोडा. १६चे १८ म्हणजे साडेबारा टक्के वाढ झाली आणि नुसतं ऑइल बदलून एवढी मजल कोणी मारत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आणि पर्यावरण संस्थेचा ग्राहकांना सल्ला असा आहे : ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० सांगितलंय त्यात १०डब्ल्यू-३० टाकलं, तर ॲव्हरेज १ ते २ टक्क्यांनी घटतं. तुमच्या गाडीला हा १ ते २ टक्क्यांचा फरक लावला, तर तो लिटरमागे १६० ते ३२० मीटर भरतो. मुंबई नाक्याच्या एका सिग्नलला जास्त थांबलात तर तेवढा तिथेच जातो.

हा फरक पडतो तो ग्रेडमुळे, म्हणजे ऑइलच्या जाड-पातळपणामुळे. ‘सिंथेटिक’ ही वेगळी गोष्ट आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती जाड राहतं ते सांगतो. सिंथेटिक म्हणजे ज्यापासून ऑइल बनवलंय ते मूळ तेल अधिक शुद्ध, एकसारख्या रेणूंचं असणं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल, तर इतकी वर्षं जाड ऑइल टाकून तुम्ही थोडं पेट्रोल वाया घालवलंय आणि योग्य ग्रेडवर आलात की तेवढंच परत मिळेल. त्यासाठी सगळ्यात महागडा डबाच घ्यायला हवा असं नाही.

आता रुपयांत पाहू. वर्षाला १५,००० किलोमीटर, १६चं ॲव्हरेज, पेट्रोल १०५ रुपये. वर्षाचं पेट्रोल सुमारे ९८,४०० रुपयांचं. त्याचा एक टक्का ९८४ रुपये, दोन टक्के १,९६८ रुपये. इंजिनात साडेतीन लिटर ऑइल बसतं असं धरू. मिनरल, म्हणजे साधं ऑइल ४०० रुपये लिटर, सेमी-सिंथेटिक ५५०, फुली सिंथेटिक ९००. ऑइल १०,००० किलोमीटरला बदलायचं, म्हणजे वर्षाला सरासरी दीड वेळा.

फुली सिंथेटिकचा मिनरलपेक्षा जास्तीचा खर्च वर्षाला २,६२५ रुपये. पेट्रोलमध्ये वाचणार ९८४ ते १,९६८. म्हणजे ६५० ते १,६५० रुपयांचा तोटा. त्याच ग्रेडचं सेमी-सिंथेटिक घेतलं, तर जास्तीचा खर्च सुमारे ७९० रुपये आणि एक टक्का वाचला तरी दोनेकशे रुपये खिशात उरतात. गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरच पळत असेल, तर फुली सिंथेटिकचा विचार निव्वळ पेट्रोलसाठी करूच नका. कारण अशा गाडीचं ऑइल किलोमीटर भरण्याआधी वर्ष संपलं म्हणूनच बदलावं लागतं.

गणित उलटतं ते ऑइल बदलण्याचं अंतर बदललं तर. आज तुम्ही मिनरल ऑइल ५,००० किलोमीटरला बदलत असाल आणि पुस्तिका योग्य ऑइलवर १०,००० चालवू देत असेल, तर फिल्टर-मजुरीचे ५०० रुपये धरून तीन वेळचे मिनरल ५,७०० रुपयांचे होतात आणि दीड वेळचं सिंथेटिक ५,४७५ रुपयांचं. वर पेट्रोलची बचत धरली, तर वर्षाला बाराशे ते बावीसशे रुपये वाचतात. मात्र हे अंतर पुस्तिकेनं ठरवायचं. मेकॅनिक किंवा डब्यावरची जाहिरात ते ठरवू शकत नाही.

मग लोक सिंथेटिकला पैसे मोजतात ते उगाच का? तसं नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१७ मध्ये केलेल्या चाचण्यांत सिंथेटिक ऑइल साध्या ऑइलपेक्षा सरासरी ४७ टक्के सरस ठरलं. त्या चाचण्या ऑइल टिकण्याच्या आणि इंजिन जपण्याच्या होत्या. ते उष्णतेत लवकर जळत नाही, गाळ कमी धरतं, थंडीत लगेच वर चढतं. निफाडचा पारा जानेवारीत पाच-सहा अंशांवर येतो, अशा पहाटे किंवा मे महिन्यात भरल्या गाडीनं कसारा घाट चढताना हा गुण कामाला येतो. टर्बो इंजिन असेल आणि गाडी दहा वर्षं वापरायची असेल, तर हा खर्च इंजिनाच्या आयुष्यासाठी समजा. दोन वर्षांत गाडी विकणार असाल, तर त्याचा लाभ पुढच्या मालकाला.

पेट्रोलच वाचवायचं असेल, तर टायरकडे बघा. संशोधक होल्मबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार मोटारीच्या इंधनाची सुमारे तिसरा हिस्सा ऊर्जा घर्षणावर जाते. त्यात इंजिनाचा आणि टायरचा वाटा सारखाच, प्रत्येकी ३५ टक्के. वर ज्या सरकारी सल्ल्याचा उल्लेख केला, तोच सांगतो की सगळ्या टायरांतली हवा एक पीएसआयनं घटली की ॲव्हरेज सरासरी ०.२ टक्क्यानं उतरतं. सहा पीएसआय कमी असेल, तर तुमचे वर्षाला सुमारे ११८० रुपये जातात. सिंथेटिकच्या एक टक्क्याहून जास्त, आणि हवा भरायला फारसा खर्च नाही.

फरक स्वतः मोजायचा असेल, तर टाकी फुल्ल करा, नॉझल आपोआप कट होईल तिथे थांबा आणि किलोमीटर टिपून घ्या. दर वेळी तोच पंप, तोच रस्ता. ऑइल बदलण्याआधी तीन टाक्या आणि नंतर तीन टाक्या. एक पथ्य पाळा : ऑइलसोबत एअर फिल्टर, प्लग आणि टायरची हवा एकाच दिवशी बदलू नका. सर्व्हिसिंगनंतर ॲव्हरेज वाढलं की श्रेय ऑइलला मिळतं, काम बऱ्याचदा फिल्टरनं केलेलं असतं.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतहून वाशीला मी स्वतः माझी बीएस-६ डिझेल पिकअप चालवतो. द्राक्षं, टोमॅटो, भाजीपाला असा माल असतो. वर्षाला ६०,००० किलोमीटर होतात. बाहेरच्या गॅरेजचं म्हणणं, सिंथेटिक टाका आणि २०,०००ला बदला. तसं केलं आणि वॉरंटीत इंजिन गेलं, तर कंपनी हात वर करेल का?
– एक वाहनमालक, निफाड तालुका

पुस्तिकेतल्यापेक्षा लांब अंतर चालवलंत, तर हो, कंपनीच्या हातात आयतं कारण द्याल. तिथे १०,००० लिहिलं असेल, तर ऑइल कितीही भारी असलं तरी १०,०००लाच बदला. मग सिंथेटिक परवडत नाही. सहा लिटर ऑइल, लिटरमागे साडेतीनशेचा फरक आणि वर्षात सहा बदल म्हणजे १२,६०० रुपये जादा. डिझेल ९० रुपयांनी आणि १२च्या ॲव्हरेजनं वर्षाचं साडेचार लाखांचं, त्याचा एक टक्का साडेचार हजार. कंपनीनं स्वतः त्या ग्रेडवर २०,०००ची मुभा दिली असेल, तरच घ्या. तेव्हा द्राक्षाच्या हंगामात गाडी गॅरेजात कमी दिवस उभी राहते, हाही पैसाच.

बीएस-६ डिझेलला धुरातली काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ असेल, तर ऑइल कमी राख सोडणारंच हवं. साध्या ऑइलची राख त्या जाळीत साठते आणि राख काजळीसारखी जळून जात नाही. जाळी चोंदली की डिझेल जास्त जातं आणि बदलण्याचं बिल मोठं येतं. ‘सिंथेटिक’ असा शब्द असून भागत नाही. पुस्तिकेतलं एपीआय किंवा एसीईए हे ऑइलच्या दर्जाचं मानक डब्यावर जसंच्या तसं असलं पाहिजे.

आता कायदा. बाहेर सर्व्हिस केली एवढ्याच कारणानं वॉरंटी रद्द करणं योग्य नाही, असं भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४च्या आदेशात म्हटलं. १४ मोटार कंपन्यांना त्यात २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड झाला आणि प्रकरण पुढे अपिलांत गेलं. पण त्याच आदेशानुसार बाहेरच्या चुकीच्या कामामुळे बिघाड झाला असेल, तर कंपनी नकार देऊ शकते. म्हणून सगळा भार कागदावर येतो. प्रत्येक बिलावर ऑइलचं पूर्ण नाव, ग्रेड, एपीआय किंवा एसीईए मानक, किती लिटर, तारीख आणि त्या वेळचं किलोमीटर रीडिंग लिहून घ्या. डब्याच्या बॅच नंबरचा मोबाइलवर फोटो ठेवा. ‘ऑइल व मजुरी’ एवढंच लिहिलेलं बिल पुराव्याच्या कामाचं नाही.

गाडी व्यवसायाची असली, तरी तुम्हाला ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद नाही. निव्वळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त धरली जात नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रिक्षाचंच उदाहरण घेतलं : स्वतः चालवण्यासाठी घेणारा ग्राहक, पूर्णपणे दुसऱ्यानं चालवण्यासाठी घेणारा ग्राहक नाही. तुम्ही स्वतः चालवता, ही बाब तक्रारीत ठळक लिहा. आधी कंपनीला लेखी कळवा, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे भागलं नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे नाशिकला, दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करा. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर फी नाही.

प्रश्न : कारच्या फुली सिंथेटिकच्या डब्यात लिटरभर उरलंय. मोटारसायकलमध्ये टाकलं तर?
– एक वाचक, सातपूर

टाकू नका. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या इंधन-बचतीच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं त्या क्लचला घसरवू शकतात. मग इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही. त्यासाठी जासो या दुचाकी-ऑइलच्या मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल लागतं. गिअर नसलेल्या स्कूटरला बहुधा एमबी सांगितलेलं असतं. एका लिटरचे वाचलेले पैसे क्लच प्लेटमध्ये घालू नका.

प्रश्न : माझे दोन छोटे टेम्पो आहेत. ऑइलचा खर्च इन्कम टॅक्समध्ये वजा होतो का?
– एक वाहतूकदार, आडगाव

दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. त्यात अवजड नसलेल्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरलं जातं आणि डिझेल, ऑइल, टायर यांचा वेगळा खर्च वजा मिळत नाही. ही सोय घेतली असेल, तर महाग ऑइलनं कर वाचेल हा सल्ला चुकीचा. हिशेबाच्या वह्या ठेवून प्रत्यक्ष नफ्यावर कर भरत असाल, तर बिलासकट तो खर्च मिळतो. ऑइलवर १८ टक्के जीएसटी असतो, तेव्हा पक्कं बिल मागायला संकोच नको. बिल द्यायला कुरकुर करणाऱ्या दुकानात डब्याचं सीलही नीट तपासा, आणि रिकाम्या डब्यात कोणी बनावट ऑइल भरू नये म्हणून तो भोक पाडूनच सोडा.

प्रश्न पाठवताना गाडीचं मॉडेल व वर्ष, इंधन, वर्षाचे किलोमीटर, पुस्तिकेतलं ऑइलचं मानक आणि शेवटच्या सर्व्हिसच्या बिलाचा फोटो जोडावा. एवढं असलं की उत्तर नेमकं देता येतं.