पावसात पद्मिनी का रुसते?

प्रश्न : वडिलांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आम्ही अजून वापरतो. उन्हाळ्यात ती महाबळेश्वरचा घाट विनातक्रार चढते. पण जोराच्या पावसात, त्यातून रस्त्यावरच्या पाण्यातून गेलं की आधी आचके देते आणि मग बंद पडते. पंधरा-वीस मिनिटांनी काहीच झालं नाही अशी पुन्हा सुरू होते. मेकॅनिक म्हणतो पेट्रोलमध्ये पाणी आहे, काका म्हणतात सायलेन्सरमधून पाणी शिरतं. यंदा गणपतीला हीच गाडी घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचा वडिलांचा बेत आहे. दोष नक्की कुठे आहे, आणि जावं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खरी खूण तुमच्याच पत्रात आहे : पंधरा-वीस मिनिटं. पेट्रोलमध्ये पाणी असतं, तर ते जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसून राहिलं असतं आणि लख्ख उन्हातही त्याने त्रास दिला असता. सायलेन्सरचं म्हणाल, तर चालू इंजिनातून धूर इतक्या जोराने बाहेर पडत असतो की थोडंफार पाणी तो आत येऊच देत नाही. तुमचा बिघाड मात्र उभ्या गाडीत, इंजिनच्या उरलेल्या उष्णतेने, आपोआप बरा होतो. म्हणजे कुठेतरी ओल धरते आणि वाळते. ती कुठे धरते, एवढंच शोधायचं.

पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनात पेट्रोल पेटवायला प्लगमध्ये ठिणगी पडावी लागते. बॅटरी देते १२ व्होल्ट. तेवढ्यावर ठिणगी पडत नाही. म्हणून कॉइल तो दाब पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत चढवते. हा करंट जाड वायरीने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येतो आणि आत फिरणारा रोटर तो चार प्लगना आळीपाळीने वाटतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. त्यातली एकही चुकून चालत नाही.

एवढ्या दाबाचा करंट नेहमी सोपी वाट शोधतो. कॅप कोरडी असेल तर प्लगखेरीज दुसरी वाट नसते. पण कॅपवर धूळ आणि तेलाचा थर असेल आणि त्यावर पाणी पडलं, तर त्या ओल्या थरावरून करंट थेट इंजिनच्या लोखंडात उतरतो. एखादा प्लग चुकला की गाडी आचके देते, सगळे चुकले की बंद पडते. जुन्या वायरींचं रबर तडकलेलं असेल तर तिथूनही हीच गळती होते. खात्री करायची असेल, तर रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. दोष असेल तर वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील. बघायचं फक्त लांबून. बोट लावलंत तर जबर झटका बसेल.

आता पाणी बॉनेटखाली पोचतं कसं? जुन्या गाडीत रेडिएटरमागचा पंखा इंजिनवरच पट्ट्याने फिरतो. इंजिन चालू तोवर तो थांबत नाही. पुढून आलेला पाऊस तो आत ओढतो, आणि साचलेल्या पाण्यात त्याची पाती बुडाली की तेच पाणी साऱ्या इंजिनवर उडवतो. यात पद्मिनी एकटी नाही. १९५९ साली इंग्लंडमध्ये आलेल्या मिनीचं इंजिन आडवं बसवलेलं होतं आणि डिस्ट्रिब्युटर थेट पुढच्या जाळीमागे आला होता. पावसाळी देशातच ती पावसात बंद पडू लागली, तेव्हा तिथले मालक डिस्ट्रिब्युटरवर रबरी हातमोजा चढवून, त्याच्या बोटांतून वायरी बाहेर काढून गाडी चालवत.

मग नवीन गाडी त्याच पाण्यातून कशी जाते? आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नसतोच. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते आणि पंख्याला वेगळी विजेची मोटर असते. पण त्यावरून नवी गाडी पाण्याला भीत नाही असं समजू नका. इंजिन हवा ओढतं त्या तोंडापर्यंत पाणी पोचलं, तर ते थेट सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओल्या कॅपमुळे तुमची पद्मिनी बऱ्याचदा त्याआधीच बंद पडते. हेही तसे तिचे उपकारच म्हणायचे.

निदान झालं, आता प्रवासाचं. निघण्याआधी कॅप काढून आतून-बाहेरून पुसा. आत केसासारखी काळी रेघ दिसली, तर ती करंटने जाळून पाडलेली वाट असते. ती पुसून जात नाही, कॅपच बदला. प्लगच्या वायरी जुन्या असतील तर त्याही बदला. डिकीत कोरडं फडकं आणि एक जादा कॅप ठेवा. एवढ्यावर तुमची बहुतेक तक्रार मिटेल.

दुसरी गोष्ट बॅटरीची. अनेक जुन्या गाड्यांत डायनॅमो असतो, आणि इंजिन मंद असताना तो जवळजवळ काहीच चार्ज देत नाही. घाटात ट्रॅफिक तुंबलेला, दिवे आणि वायपर चालू, इंजिन मंद : सगळा भार बॅटरीवर येतो आणि ती उतरली की ठिणगीही दुबळी होते. म्हणून शक्यतो दिवसाउजेडी निघा. गाडीला अल्टरनेटर बसवलेला असेल तर ही चिंता बरीच कमी.

तिसरी काचेची. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो, तसंच पावसाने गार झालेल्या काचेवर आपल्या श्वासातली वाफ आतून धरते. एसी हवेतली वाफ काढून घेतो. तो नसताना दमट हवेला बाहेर काढणं हाच उपाय. पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचा थोड्या उघड्या ठेवा. चार थेंब आत येतील, पण रस्ता दिसेल. आणि वायपर बंद पडल्यावर काचेवर बाहेरून तंबाखू चोळणारे ट्रक ड्रायव्हर वेडे नसतात. त्या थरामुळे पाण्याचे थेंब न होता सपाट पापुद्रा होतो आणि त्यातून पलीकडचं दिसतं. तो घटकाभराचा उपाय आहे, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, ब्रेकची. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी अडकतं आणि ब्रेक दाबूनही गाडी पुढे सरकत जाते. डिस्क ब्रेक उघडे असल्याने लवकर कोरडे होतात. ड्रम आपण वाळवावे लागतात. पाण्यातून बाहेर आलात की मागे कोणी नाही हे पाहून, हळू चालत्या गाडीत डाव्या पायाने ब्रेक हलका धरून थोडं अंतर जा. घासून उष्णता निर्माण होते आणि पाणी उडून जातं. वाटेतल्या कोयनानगरच्या पुढे चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट लागतो, म्हणून हे काम घाटाच्या तोंडाशीच उरका आणि उतारावर सेकंड गिअर सोडू नका.

टायरबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असं पुष्कळजण सांगतात. साचलेल्या पाण्यावर घडतं नेमकं उलटं. हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागतो. नासाने विमानाच्या टायरांसाठी बसवलेल्या सूत्राने झिजलेल्या टायरचा अंदाज काढला, तर २५ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ८३ किलोमीटर येतो आणि १६ पीएसआयला फक्त ६७. तेव्हा हवा पूर्ण भरा, नक्षी झिजलेले टायर बदला आणि पन्नासच्या पुढे जाऊ नका.

म्हणजे जायला हरकत नाही, पण पाणी कुठे ओलांडायचं नाही ते आधी ठरवून निघा. चाकाच्या मध्यापेक्षा खोल पाणी, रस्त्याची कड न दिसणारं गढूळ पाणी आणि वाहतं पाणी, या तिन्हींपुढे थांबायचं. उथळ पाण्यातून जाताना फर्स्ट गिअर, अगदी सावकाश, ॲक्सिलरेटर न सोडता. मध्येच बंद पडलीच तर पुनःपुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर रॉड तिथेच वाकेल. गाडी ढकलून कोरड्यावर आणा, चारही प्लग काढा, मग सेल्फ मारून आत पाणी असेल तर ते उडवा, प्लग परत बसवा, कॅप पुसा आणि निघा. ढकलायला माणसं मिळतील का, ही काळजी नको. गणपतीच्या दिवसांत कोकणच्या रस्त्यावर ती मागाल त्याहून जास्त मिळतात, सल्ल्यांसकट.