कवितेची माणसं

कृष्णाकाठच्या आमच्या भागात कविता लिहिणारे पुष्कळ. कुणी शाळेत शिकवतं, कुणाचा पानमळा आहे, कुणी सोसायटीचा सचिव आहे. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली आणि नोकरी सांभाळत कविता लिहिली. कविता कशी लिहायची हे ज्याचं त्यानं शोधावं. पण कविता लिहिणाऱ्यानं गावात, घरात, मित्रांमध्ये कसं राहावं याबद्दल माझी काही मतं पक्की झाली आहेत. नवी मुलं विचारत असतात, त्यांच्यासाठी ती इथे लिहून ठेवतो.

१. पोटापाण्याच्या कामाला कवितेचं वैरी समजू नका.

गळीत हंगामात काटा रात्रंदिवस चालतो. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन नोंदवायचं, गाडी गव्हाणीकडे जाऊन रिकामी होऊन आली की पुन्हा वजन करायचं, वजाबाकी, पावती. पहाटेच्या सुमाराला दोन गाड्यांच्या मध्ये थोडी उसंत मिळायची. माझ्या बऱ्याच ओळी त्या उसंतीतल्या आहेत. गाडीवानांची बोली मला तिथेच मिळाली, आणि कडाक्याच्या थंडीत स्वतःच्या अंगावरचं पोतं काढून बैलाच्या पाठीवर टाकणारा माणूसही तिथेच भेटला. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. १९६२ साली त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आला. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळात घरची खानावळ सांभाळत होते. ना. धों. महानोर पळसखेड्याच्या शेतीत राहिले आणि ‘रानातल्या कविता’ त्याच मातीतून आल्या. निवृत्त झाल्यावर निवांत लिहू म्हणणाऱ्या माझ्या दोन मित्रांच्या वह्या कोऱ्याच राहिल्या, याचं मला फार वाईट वाटतं. दोघांकडेही सांगण्यासारखं खूप होतं.

२. कवितेचा पहिला वाचक कविता न लिहिणारा असावा.

माझा असा एक मित्र आहे. खता-बियाण्यांचं दुकान चालवतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी जातो. तो कागद हातात घेतो, चष्मा लावतो आणि मनातल्या मनात वाचतो. मोठ्यानं वाचून दाखवू देत नाही, कारण तुझा आवाज मध्ये आला की मला कविता दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. मग बोट ठेवून सांगतो, “हितं तू बघतोयस, आणि हितनं पुढं तू सांगाय लागलास.” एवढंच. त्याच्या बोटाखालच्या ओळी मी बहुतेक वेळा काढून टाकल्या आहेत. कविमित्र वाचतो तेव्हा त्याच्या मनात त्याची स्वतःची कविता चालू असते, तो तिच्याशी ताडून पाहतो. त्यात काही गैर नाही, पण पहिल्या वाचनाला असा माणूस लागतो ज्याला आपल्याकडून फक्त ती कविता हवी आहे. असा माणूस मिळाला तर त्याला जपा. त्याच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभे राहा, त्याच्या दुकानाच्या उधारीची चिंता आपलीही समजा. फक्त कवितेपुरती मैत्री फार दिवस चालत नाही.

३. साहित्य मंडळाच्या मुळाशी मैत्री असेल तर ते टिकतं.

हे मी आमच्या औदुंबरकडे पाहून सांगतो. सदानंद सामंत नावाचा साहित्यावर जीव असलेला तरुण अकाली गेला. त्याची आठवण राहावी म्हणून कवी सुधांशू आणि म. भा. भोसले या त्याच्या मित्रांनी १९३९ साली सदानंद साहित्य मंडळ सुरू केलं. तेव्हापासून संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं. सुधांशू तेव्हा विशी ओलांडलेले होते. ‘दत्त दिगंबर दैवत माझे’ हे त्यांचं गीत घराघरात गेलं, १९७४ साली पद्मश्री मिळाली, तरी ते औदुंबरातच राहिले आणि संक्रांतीचं संमेलन चालू राहिलं. एका मित्राच्या जाण्याचं दुःख खेड्यात इतकी वर्षं टिकतं आणि दरवर्षी त्यातून नवी कविता ऐकू येते, याहून मोठी गोष्ट मला आमच्या तालुक्यात दुसरी दिसत नाही.

संक्रांतीचा दिवस असतो, ऊसतोड ऐन भरात असते, सकाळी नदीवरून गार वारं येतं. शेतकरी डोक्याला मफलर गुंडाळून येतात, बायका तिळगूळ घेऊन येतात, दत्ताचं दर्शन घेऊन माणसं मांडवात बसतात. नाव ऐकून आलेली थोडी, सवयीनं आलेली जास्त. सवयीनं येणाऱ्या श्रोत्यांचं मोल मला मोठं वाटतं. बाप आला म्हणून मुलगा येतो, आणि कधीतरी एखादी ओळ त्याला लागते. आजूबाजूच्या गावांतही मोठ्या उत्साहानं मंडळं निघाली. घटना झाली, अध्यक्ष झाले, लेटरहेड छापलं, आणि दोन-तीन वर्षांत सगळं थांबलं. त्यांच्यापाशी निधी कमी नव्हता. सतरंजी उचलताना दुसऱ्या टोकाला कोण धरणार, हे तिथे ठरलेलं नव्हतं.

४. आपली कविता म्हणून झाल्यावर उठून जाऊ नका.

गावोगावच्या कविसंमेलनांत हे पाहून जीव तुटतो. सुरुवातीला व्यासपीठ भरलेलं असतं आणि शेवटच्या कवीपुढे सूत्रसंचालक आणि मांडववाला उरतात. तो शेवटचा कवी बहुधा सर्वांत नवा असतो. त्याच्यासाठी बसा. शेवटची एसटी चुकणार असेल तर आधीच संयोजकांना सांगून लवकर वाचा, पण वाचून झाल्यावर तरी घड्याळाकडे पाहू नका.

५. आधी बायकांची वेळ बघा.

आमच्या भागात चांगलं लिहिणाऱ्या बायका अनेक आहेत. एक अंगणवाडीत आहे, एक द्राक्षबागेत मजुरीला जाते, एक निवृत्त शिक्षिका आहे. रात्री नऊची मैफल म्हणजे त्यांना येऊ नका म्हणण्यासारखंच. आम्ही कवितेची बैठक दुपारी दोन ते पाच ठेवायला लागल्यावर त्या येऊ लागल्या, आणि बैठकीचा सूरच बदलला. द्राक्षबागेतल्या बाईनं औषध फवारणीनंतर हाताला येणाऱ्या वासावर कविता वाचली. तो वास आम्ही सगळे जन्मभर ओळखून होतो, पण तो कवितेत आणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

याच्याच जोडीला घराचं. रात्री-अपरात्री आलेल्या कवीला चहा कोण करतं, संमेलनाला गेल्यावर म्हशीची धार कोण काढतं, याचा हिशेब कवितासंग्रहाच्या ऋणनिर्देशात एका ओळीत उरकतात. माझ्या बायकोनं माझ्या कवितेसाठी जितकं जागरण केलं तितकं मीही केलेलं नाही. ती कविता लिहीत नाही, पण पहिल्या बैठकीपासून कोण काय वाचून गेलं हे तिला आठवतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

६. दुसऱ्याची कविता उतरवून घेणं हेही साहित्याचंच काम आहे.

हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या बाजूला त्यांच्या कोप्या पडतात. एका टोळीबरोबर आलेला नववीतला मुलगा काट्यावर येऊन बसायचा, मी पावत्या करताना माझी वही वाचायचा. एक दिवस म्हणाला, “माझी आई याच्यापेक्षा चांगलं म्हणते, पण ती लिहीत नाही.” मी त्याला कोरी वही दिली आणि सांगितलं, आई म्हणेल तसं लिही, एक अक्षर सुधारू नकोस. हंगाम संपेपर्यंत वही भरत आली. त्यात तोडीला जाताना झोळीत ठेवलेल्या लेकरावर ओव्या होत्या, मुकादमाच्या उचलीवर होत्या. वही त्याच्याकडेच राहिली, तशीच राहायला हवी होती.

बहिणाबाई चौधरींची गाणी आपल्यापर्यंत आली ती कुणीतरी ऐकता ऐकता कागदावर उतरवली म्हणून. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. सोपानदेवांनी ते कागद अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली संग्रह निघाला. कवी असलेल्या मुलानं आईच्या कवितेसाठी हे केलं. आपल्या गावात अशी आई, अशी आजी, असा गोंधळी कोण आहे, हे प्रत्येक कवीला माहीत असलं पाहिजे.

७. नव्या मुलाची वही आली तर ती वाचा. खरंच वाचा.

‘छान’, ‘अप्रतिम’ हे आता फोनवर एका बोटानं लिहिता येतं आणि त्यातून मुलाला काहीच मिळत नाही. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि ती नव्या लिहिणाऱ्यांना पोस्टानं पाठवली. त्यांच्या गझला लोकांच्या ओठांवर होत्या, तरी कुठल्याशा गावातल्या अनोळखी पोराचा काफिया चुकू नये याची त्यांना काळजी होती. आज महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत गझल लिहिली जाते त्यामागे त्या टपालाचा वाटा मोठा आहे. मी इतकंच करतो, की वहीतली मला भावलेली एक ओळ खुणेनं दाखवतो आणि ती का भावली ते शेजारी लिहितो. नावडलेल्या ओळींबद्दल त्यानं विचारलं तरच बोलतो.

८. संग्रहाची घाई नको, पण मित्रावर भरवसा ठेवा.

पदरचे पैसे घालून तीनशे प्रती छापायच्या आणि त्या घरच्या माळ्यावर ठेवायच्या, हे आमच्याकडे सर्रास होतं. माळ्यावर ठेवू नका. हातानं द्या, वाचनालयात द्या, बाजाराच्या दिवशी पिशवीत चार ठेवा. अरुण कोलटकर १९५० च्या दशकात मित्रांबरोबर ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित करून काढत होते, आणि त्यांचा पहिला मराठी संग्रह आला १९७७ साली. तो काढला अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनानं. पुढे ‘भिजकी वही’ही तिथूनच आली. एका कवीनं इतका काळ थांबणं आणि एका मित्रानं तितकाच काळ त्याच्या कवितेबरोबर राहणं, या दोन्ही गोष्टींचा मला सारखाच आदर वाटतो.

९. भांडा, पण कवितेवरून.

जातीवरून, निवडणुकीवरून, शालीवरून भांडू नका. एखाद्या कवितेतला शेवटचा खंड हवा की नको यावरून रात्रभर वाद घाला आणि सकाळी एकाच टपरीवर चहा घ्या.

१०. एकमेकांच्या कविता पाठ करा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. औदुंबरच्या देवळात पाणी येणं आम्हाला नवं नाही, जवळजवळ दर पावसाळ्यात येतं. त्या वर्षी मात्र ते आमच्या कल्पनेपलीकडे चढलं. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. सांगलीत नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. त्या दिवसांत आम्ही कुणी कविता लिहिली नाही, आणि लिहावीशी वाटली नाही हे बरंच झालं. जनावरं हलवायची होती, वैरण गोळा करायची होती, पाणी उतरल्यावर घराघरातला चिखल फावड्यानं ओढायचा होता.

आमच्या बैठकीतल्या एका थोरल्या कवीचं घर छपरापर्यंत बुडालं होतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या कविता लोखंडी ट्रंकेत, शाईच्या पेनानं लिहिलेल्या वह्यांत होत्या. ट्रंक उघडली तर पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरून निळे डाग झालेले. संग्रह निघालेला नव्हता, दुसरी प्रत नव्हती. अण्णा काही बोलले नाहीत, ट्रंक उलटी करून उन्हात ठेवली.

दिवाळीनंतरच्या बैठकीत खताचं दुकान चालवणारा मित्र, जो कधी कविता म्हणत नाही, तो उभा राहिला आणि त्यानं अण्णांची विहिरीवरची कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. मग निवृत्त शिक्षिकेनं एक म्हटली. माझ्या बायकोला दोन येत होत्या. कुणाला चारच ओळी, कुणाला नुसतं ध्रुपद. आम्ही ते सगळं लिहून घेतलं. पुढच्या बैठकांना आणखी येत गेलं. नदीपलीकडून एक जण मुद्दाम येऊन एक कविता सांगून गेला. सगळं परत मिळालं नाही. दीर्घकविता कुणालाच पाठ नव्हती, ती गेली.

एका कवितेचे दोन पाठ निघाले. शिक्षिकाबाईंच्या आठवणीत शेवटी ‘वाट’ होतं, माझ्या आठवणीत ‘काठ’. अण्णांना विचारलं. त्यांनी दोन्ही पाठ ऐकले, बराच वेळ पाहत राहिले, आणि म्हणाले, “मी ‘वाट’ लिहिलं होतं. पण आता ‘काठ’ ठेवू.” नवी वही तयार झाली तेव्हा तिच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक दुकानात आहे, एक शिक्षिकाबाईंकडे, एक आमच्याकडे वरच्या फळीवर. मूळ वही अण्णांकडे आहे, आणि ती भरायला त्यांनी पुढच्या पानापासून पुन्हा सुरुवात केली आहे.