गुडघ्याचा पट्टा आणि पाठीवरचे पोते

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाकडून लेख मागविला की तो लसीकरणावर नाही तर मुलांच्या न खाण्यावर येणार, असे संपादक गृहीत धरतात. मीही आजवर त्या अपेक्षेबाहेर गेले नाही. यंदा मात्र प्रौढांच्या गुडघ्याविषयी लिहिण्याची परवानगी मागून घेतली आहे. विषय माझ्या शाखेचा नाही. चूक मात्र माझी आहे, म्हणून लिहिते.

बेळगावच्या घाऊक बाजारात हमाली करणारे एक गृहस्थ आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. चालताना मुलाचे गुडघे एकमेकांना लागत. पट्टा बांधून पाय सरळ होतील का, हा त्यांचा प्रश्न होता. मी मुलाला उभे करून घोट्यांमधील अंतर मोजले, ते पाच सेंटीमीटर भरले. दोन्ही पाय सारखे होते, उंची वयाप्रमाणे होती, मुडदुसाची लक्षणे नव्हती. जन्मतः मुलांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, दीड-दोन वर्षांत सरळ होतात, तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे आत झुकतात आणि सातव्या वर्षापर्यंत बहुधा आपोआप जागेवर येतात. हे सारे मी त्यांना चित्र काढून समजावले. पट्ट्याची गरज नाही, असे ठामपणे सांगितले.

उठता उठता ते म्हणाले, "पोराला नको म्हणता, मग माझ्या गुडघ्याला घालू की नको वो मॅडम? फळीवरनं चढताना कळ मारते." मी पुढच्या रुग्णाचा कागद ओढला होता. मान वर न करता म्हणाले, "घाला. आधार राहील."

मुलासाठी वीस मिनिटे आणि बापासाठी तीन शब्द. आठ महिन्यांनी मुलाच्या खोकल्यासाठी ते पुन्हा आले तेव्हा लंगडत होते. गुडघा सुजलेला, पूर्ण सरळ होत नव्हता आणि त्या बाजूची मांडी डोळ्यांना दिसण्याइतकी बारीक झाली होती. पहाटे बाजारात जाताना घातलेली नी-कॅप ते रात्री झोपतानाही काढत नसत. पट्ट्याने धीर आल्यामुळे मधे सोडलेले ट्रक भरण्याचे काम त्यांनी पुन्हा धरले होते. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "तुमीच घाला म्हटलासा की."

अस्थिरोगतज्ज्ञ सहकाऱ्याकडे पाठविल्यावर निदान झाले: गुडघ्याच्या आतल्या बाजूचा मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली अर्धचंद्राकृती कूर्चा, फाटून सांध्यात अडकली होती. पाठीवर पोते असताना पाय जमिनीत रोवून अंग वळविले, "कट्ट" झाले आणि संध्याकाळपर्यंत गुडघा फुगला, हा सारा इतिहास त्यांनी सहकाऱ्याला दोन मिनिटांत सांगितला. मी विचारले असते तर मलाही सांगितला असता. वेळेत कळले असते तर कदाचित टाके घालून कूर्चा राखता आली असती. आता दुर्बिणीने फाटलेला भाग काढून टाकावा लागला. ज्याच्या कूर्चेचा भाग गेला त्याचा सांधा पुढे लवकर झिजण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर वाचकांना सांगायला नको.

त्यानंतर मी या पट्ट्यांविषयी वाचले, सहकाऱ्याला त्रास देऊन विचारले, आणि लक्षात आले की "पट्टा" हा एकच शब्द आपण चार वेगळ्या वस्तूंना वापरतो. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते ती ताणाच्या कापडाची किंवा निओप्रीनची नळी. ती ऊब देते, दाब देते, आणि त्वचेवरच्या स्पर्शामुळे सांधा कुठल्या कोनात आहे याची जाणीव थोडी वाढवते. दुखणे काही जणांचे काहीसे कमी होते. पण भार ती उचलत नाही. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, जिना उतरताना तीन पटींहून अधिक. ५५ किलोच्या माणसाने ५० किलोचे पोते घेतले, तर ढोबळ हिशेबाने प्रत्येक पावलाला अडीचशे किलोच्या आसपास भार हाडांतून आणि कूर्चेतून जातो. कापडाची नळी त्यात काय करणार?

दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला पट्टा बाजूच्या अस्थिबंधाला इजा झाल्यावर गुडघा आडवा वाकू नये म्हणून असतो. झिजेमुळे आतली बाजू खचलेल्या गुडघ्यासाठी तीन ठिकाणी दाब देऊन भार बाहेरच्या बाजूकडे सरकवणारा ब्रेस मिळतो; त्याने निवडक रुग्णांना बऱ्यापैकी आराम पडतो, परंतु तो महाग आणि अवजड असतो आणि बरेच जण काही महिन्यांत तो खुंटीला टांगतात. चौथा, मांडीपासून पोटरीपर्यंतचा लांब पट्टा गुडघा मुळीच वाकू देत नाही. तो इजेनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतरचा आहे. तो घालून शिडीवर किंवा ट्रकच्या फळीवर चढणे म्हणजे पडण्याची तयारीच. फरशी बसविणारे गुडघ्यापुढे बांधतात ती गादी याहून निराळी. गुडघे टेकून काम करणाऱ्याला तिचा खरा उपयोग आहे, कारण वाटीवरचा दाब ती पसरविते.

धडधाकट कामगाराने प्रतिबंधासाठी पट्टा बांधावा का, यावर कंबरपट्ट्याचा अनुभव उद्बोधक आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, नायॉशने, १९९४ मध्ये असे मत दिले की इजा नसलेल्या कामगारांना कंबरपट्ट्यांची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, आणि पट्ट्यामुळे आपण अधिक वजन उचलू शकतो असा खोटा विश्वास वाटण्याची भीती आहे. हे वाचताना मला ट्रकची ती फळी दिसली.

मग कष्टकऱ्याने पट्टा घालूच नये का? तसे नाही. निदान झाले असेल आणि योग्य प्रकार निवडला असेल तर जरूर घालावा. माप उभे राहून, पाकिटावरच्या तक्त्यात दाखविलेल्या जागी फितीने घ्यावे. "मिडियम द्या" म्हणून घेऊ नये. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, जराशा खाली, पेरोनियल चेता हाडाला अगदी चिकटून जाते. तेथे पट्टा करकचून बसला तर पावलाला मुंग्या येतात आणि दुर्लक्ष केल्यास पाऊल उचलेनासे होते. मुंग्या, थंड पाऊल किंवा पोटरीची सूज दिसली की पट्टा लगेच काढावा, आणि सूज उतरली नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. विश्रांतीत आणि झोपेत तो नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या पट्ट्याखाली नायटा ठरलेलाच, म्हणून दोन पट्टे आलटून पालटून, धुऊन वाळवून वापरावेत. आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम सोडू नये: उताणे पडून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच अंक मोजायचे, खाली ठेवायचा, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. गुडघ्याला खरा आधार त्या स्नायूचा.

गुडघा अडकत असेल, दगा देत असेल, इजेनंतर काही तासांत फुगला असेल किंवा लाल-गरम होऊन ताप असेल, तर आधी तपासणी, पट्टा नंतर.

पण हे सारे सांगून झाल्यावरही पोते ५० किलोचेच राहते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात गुडघे वाकवून जड कामे करणाऱ्या पुरुषांत गुडघ्याची झीज सुमारे दुप्पट आढळली. नायॉशच्या सूत्रात अगदी अनुकूल स्थितीतही दोन हातांनी उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये पुरुष कामगाराने वाहण्याच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. म्हणजे आपले पोते तिच्या जेमतेम आत बसते, तेही दिवसभरात किती पोती, हा प्रश्न न विचारता. आपल्या वाचकांत अडत्ये आहेत, गोदामांचे मालक आहेत. चाकाची गाडी, कमी चढाची रुंद फळी, उचलून पाठीवर द्यायला दुसरा माणूस आणि अंग न पिळता पावले टाकत वळण्याची सवय, एवढ्याने जे साधेल ते कुठल्याही पट्ट्याने साधणार नाही.

ते गृहस्थ आता हातगाडीवर आहेत. मिळकत घटली, असे ते स्वतः सांगतात. मुलगा पाच वर्षांच्या लसीला आला तेव्हा त्याच्या घोट्यांमधले अंतर तीन सेंटीमीटरवर आले होते. हल्ली कोणी पालक मुलाला कडेवर घेऊन उठताना गुडघ्यावर हात टेकतो असे दिसले, की मी मुलाच्याच कागदावर तळाशी एक ओळ लिहिते: "वडिलांचा गुडघा, कधी अडकतो का ते विचारणे." आईचा असेल तर आईचा.