दुधातील स्निग्धांश आणि जनावरांच्या आहारातील तेल

ग्वाल्हेर, मुरैना व भिंड हा मोहरी पिकविणारा प्रदेश होय. साहजिकच तेथील गोठ्यांत मोहरीच्या पेंडीला मानाचे स्थान आहे. दूध संकलन केंद्रावर दुधाचा भाव प्रामुख्याने स्निग्धांशावर ठरतो. त्यामुळे पेंडीच्या जोडीला थोडे तेल पाजले, तर दुधातील स्निग्धांश वाढेल, असा समज पशुपालकांत आढळतो. वरकरणी तर्कशुद्ध वाटणारा हा समज पुष्कळदा नुकसानीस कारण ठरतो.

स्निग्धांश कोठून येतो ?

गाय रवंथ करणारा प्राणी आहे. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव वैरणीतील तंतुमय भाग आंबवितात व त्यापासून ॲसेटिक आम्ल तयार होते. दुधातील जवळजवळ निम्मा स्निग्धांश कासेमध्ये मुख्यतः या आम्लापासून बनतो. उरलेला निम्मा रक्तावाटे, म्हणजे आहारातील व अंगावरील चरबीतून येतो. याचाच अर्थ असा की, स्निग्धांशाचा पाया तेल नसून वैरण हा आहे.

अधिक तेलाचे दुष्परिणाम

मोहरीचे तेल बव्हंशी असंपृक्त असते. ते प्रमाणाबाहेर गेल्यास तंतू पचविणाऱ्या सूक्ष्म जीवांची वाढ खुंटते. वैरण कमी व धान्य अधिक असेल, तर तेलापासून पोटात काही विशिष्ट मेदाम्ले तयार होतात व ती कासेतील स्निग्धांशनिर्मितीच मंदावतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००० च्या सुमारास अशा एका आम्लाचा हा परिणाम प्रयोगाने दाखवून दिला.

साधा हिशेब

आहारातील एकूण स्निग्ध पदार्थ कोरड्या अंशाच्या ६ ते ७ टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत. दहा किलो कोरडा अंश खाणाऱ्या गाईस ही मर्यादा सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम पडते. वैरण व खुराकातून ३०० ग्रॅम मिळत असल्यास, वरून पाजलेले अर्धा लिटर तेल, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, ही मर्यादा ओलांडते. घाणीच्या पेंडीत तेल बरेच उरते, तर द्रावकाने तेल काढलेल्या पेंडीत ते एक टक्क्याच्या आसपास असते. हा फरक खरेदीच्या वेळी ध्यानात घ्यावा.

पशुपालकांनी काय करावे ?

१. कोवळा बरसीम एकटा न देता गव्हाच्या भुशात मिसळून द्यावा.
२. खुराक एकदम न वाढविता आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा.
३. भरपूर दूध देणाऱ्या, नुकत्याच व्यालेल्या गाईस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने संरक्षित स्निग्ध पदार्थ द्यावा. हा पहिल्या कप्प्यात फारसा विरघळत नाही.
४. स्निग्धांश घटल्यास प्रथम तेल बंद करून वैरण वाढवावी. सुधारणा दिसण्यास दोन-तीन आठवडे लागतात, तोवर धीर धरावा.

स्निग्धांशाची मर्यादा मुळात जात व वंश ठरवितात. याच प्रदेशातील भदावरी म्हैस कमी दूध देऊनही अत्यंत स्निग्ध दुधासाठी प्रसिद्ध आहे. गाईला तेल पाजून तिची बरोबरी साधणार नाही. मात्र जातीने दिलेली क्षमता टिकविणे पशुपालकाच्या हाती आहे. ज्या कुटुंबाचा प्रपंच दोन जनावरांच्या दुधावर चालतो, त्याने तेलाचा खर्च वाचवून तो पैसा उत्तम वैरणीवर खर्च करणे अधिक हिताचे ठरेल.