आधी त्याची बाजू, मग आपला निकाल

वाचन : संत मत्तय १८:१५-१७, प्रेषितांची कृत्ये ६:१-६



बांधावरून कधीच बोलाचाली झाली नाही असे घर आपल्या लिंबागणेशच्या शिवारात शोधूनच काढावे लागेल. म्हणून आजच्या पाठाची सुरुवात बांधापासूनच करतो. हकिकत माझ्या चुकीची आहे. दोन्ही भावांनी लिहायला परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत.

पावसाळा सरत आला होता. एका संध्याकाळी थोरला भाऊ माझ्याकडे आला. धाकट्याने ट्रॅक्टर घालून बांध कोरला, हातभर जमीन आत ओढली, असे त्याचे म्हणणे होते. "फादर, तो तुमचं ऐकतो, तुम्हीच सांगा," असे म्हणून त्याने डोळे पुसले. मी तासभर ऐकून घेतले, चहा दिला, आणि मनातल्या मनात निकालही देऊन टाकला. रविवारी मिस्सा झाल्यावर धाकट्याला दारातच गाठले. चार माणसे उभी होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "सख्ख्या भावाचा बांध कोरतोस आणि कम्युनियनला पुढे येतोस?" तो काही बोलला नाही. चप्पल घातली आणि निघून गेला. पुढचे सहा रविवार तो आला नाही.

नंतर त्याच्या बायकोकडून खरे कळले. मोठ्या पावसात बांधाचा कोपरा फुटला होता, वरचे पाणी यांच्या सोयाबीनमध्ये साचून पीक पिवळे पडत होते. थोरल्याला दोनदा फोन केला, तो पुण्याला मुलाकडे गेला होता, फोन लागला नाही. शेवटी यांनी आपल्याच बाजूची माती ओढून कोपरा भरला. ट्रॅक्टर घातला होता हे खरे. माती ओढली हेही खरे. बांध कोरला हे मात्र कोणी पाहिले नव्हते. पुढे सरकारी मोजणी झाली तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. वडिलांच्या काळापासून तो बांध एका टोकाला थोरल्याच्या आणि दुसऱ्या टोकाला धाकट्याच्या शेतात सरकलेला होता. म्हणजे दोघांचीही तक्रार थोडी खरी होती. खोटा ठरला तो माझा निकाल.

मी रागाच्या भरात बोललो नव्हतो, हे मुद्दाम सांगतो. मी शांत होतो. आवाज चढवला नाही म्हणजे माणूस न्यायाने बोलला, असे आपण समजतो. तसे नसते.

प्रभू येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात पायऱ्या घालून दिल्या आहेत. भावाने अपराध केला असेल तर आधी एकट्याने त्याच्याकडे जायचे. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्यायचे. तरीही ऐकले नाही तर मंडळीसमोर मांडायचे. थोरला पहिली पायरी सोडून माझ्याकडे आला. मी त्याला परत पहिल्या पायरीवर पाठवायला हवे होते. त्याऐवजी मी थेट शेवटच्या पायरीवरून, चारचौघांत, सुरुवात केली. योहानच्या सातव्या अध्यायात निकदेम आपल्या सोबत्यांना विचारतो, की माणसाचे म्हणणे ऐकल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? तो परूशी होता, भित्राही होता, पहिल्यांदा रात्री लपून आला होता. पण तो प्रश्न त्याला सुचला. मला सुचला नाही.

पूर्वपक्ष

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला दोन परंपरा शेजारी शेजारी ठेवून शिकवल्या जात. आपल्याकडच्या शास्त्रकारांची रीत अशी, की आपला सिद्धान्त मांडण्यापूर्वी विरोधकाचे म्हणणे मांडायचे. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. आणि संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपला मोठा ग्रंथ लिहिला तोही याच रीतीने. प्रत्येक प्रश्नाखाली आधी आक्षेप, मग स्वतःचे उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाला जबाब. देव आहे काय, या प्रश्नाखाली त्यांनी पहिला आक्षेप कोणता लिहावा? जगात वाईट आहे, मग चांगला देव कसा असेल? आजही घरात अकाली मरण झाले की लोक मला हाच प्रश्न विचारतात. थॉमस यांनी तो मऊ करून मांडला नाही. सर्व जोर देऊन मांडला आणि मगच उत्तराला हात घातला.

विरोधकाचे म्हणणे लुळेपांगळे करून मांडायचे आणि मग त्याला पाडायचे, हे सोपे असते. आपण घरात रोज करतो. "तुला काय, तुला फक्त पैसा दिसतो," हा पूर्वपक्ष नव्हे. पूर्वपक्ष नीट झाला की नाही याची खूण एकच आहे : समोरचा मान हलवून म्हणतो, "हो, मला हेच म्हणायचं होतं."

लोयोलाचे संत इग्नाशियस यांनी हीच गोष्ट आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात साधना सुरू होण्याआधीच सांगून ठेवली आहे. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्या ग्रंथाला मान्यता दिली. त्यांच्या सांगण्याचा आशय असा, की दुसऱ्याच्या बोलण्यातला चांगला अर्थ घ्यायला आपण तयार असावे. तो अर्थ लागत नसेल तर 'तुम्हाला काय म्हणायचे आहे' असे त्यालाच विचारावे. चूक असेल तर प्रेमाने दुरुस्त करावी. इग्नाशियस हे मुळात तलवार गाजवणारे, मानापमानाला जपणारे गृहस्थ. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडला आणि आयुष्य बदलले. पुढे अल्काला आणि सालामांका येथे त्यांच्या शिकवणीविषयी संशय घेतला गेला, चौकशी झाली, १५२७ मध्ये दोन्ही ठिकाणी तुरुंगही पाहावा लागला. अर्धवट ऐकून कोणी आपल्याविषयी मत बनवले की काय वाटते, हे त्यांनी भोगले होते.

आता हे बांधावर कसे करायचे? थोरल्याने धाकट्याकडे जाऊन एवढेच म्हटले असते, "कोपऱ्यात नवी माती दिसतेय, काय झालं होतं रे?" तर गोष्ट पाच मिनिटांची होती. डोळ्यांनी पाहिलेले, त्यावरून काढलेला अर्थ आणि माणसावर मारलेला शिक्का, या तीन गोष्टी आपण एका दमात बोलतो. नवी माती दिसते, हे पाहिलेले. बांध कोरला, हा अर्थ. लग्न झाल्यापासून तो बदललाच आहे, हा शिक्का. पहिल्यापुरते बोलले तर उत्तर मिळते. तिसऱ्यापासून सुरुवात केली तर बायकाही ओढल्या जातात आणि वीस वर्षांपूर्वीची वाटणीही.

निर्णय केव्हा आणि कोणाला विचारून

याच ग्रंथात इग्नाशियस यांचा आणखी एक नियम आहे. मन अंधारात, निराशेत, खळबळीत असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, नवा निर्णय घेऊ नये. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि रात्री अकराला पाठवलेला व्हॉइस मेसेज सकाळी परत घेता येत नाही. मेसेज पुसला तरी भावकीच्या ग्रुपवर तो कोणीतरी ऐकलेला असतो. ज्या निरोपाने रात्री छाती भरून येते तो सकाळच्या प्रार्थनेनंतर पाठवावा. बहुतेक वेळा तो पाठवावासाच वाटत नाही.

आणि कोणाला विचारायचे? दसरा-दिवाळीच्या आसपास आपली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल मात्र नवरा एकटा घेतो, मुकादमाशी बोलणी तोच करतो. पहाटे चारला उठून स्वयंपाक करून फडात जाणारी, डोक्यावर मोळी वाहणारी बाई त्या बोलण्यात कुठेच नसते. उचल किती घ्यायची, मुलांना शाळेसाठी गावी कोणाकडे ठेवायचे, हे तिला नंतर कळते. मी अनेकांना विचारले की बायकोला का विचारत नाही. उत्तर येते, "ती काय वेगळं सांगणार?" पूर्वपक्ष न ऐकताच तो माहीत असल्याचा हा दावा आहे.

प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय यासाठी वाचावा. आरंभीच्या ख्रिस्तसभेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली. प्रेषितांनी 'तुम्ही कुरकुर करता' असे म्हटले नाही. सर्वांना बोलावले, सात माणसे निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप आणि बाकीचे पाच. या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूची म्हणावीत अशी माणसे वाटपावर बसवली. मला हा अध्याय फार धाडसाचा वाटतो. आपल्या कोणत्या समितीत असे झाले आहे?

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, ती अनेकांना आठवत असेल. गावची समिती, दोन्ही पक्षांना समोर बसवणे, दिवाणी, महसुली आणि तडजोड होण्याजोगे किरकोळ फौजदारी तंटे गावातच मिटवणे, असा तिचा आराखडा होता. कल्पना चांगली, आणि कोर्टाच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या आहेत त्यांना तिची किंमत कळते. पण बक्षिसाची आणि गावाच्या नावाची घाई झाली की दुबळ्याला 'आता मिटव' म्हणून गप्प करण्याचा मोह होतो, तो मी घराघरांतही पाहतो. बाईला मारहाण झाली असेल, कोणाला जातीवरून शिवीगाळ झाली असेल, तर तो बांधाचा वाद नव्हे. तिथे सामोपचाराचा आग्रह धरू नका. तिथे पोलीस ठाणे आहे आणि कायदा आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला 'शांतपणे बोल' असे सांगणे आपल्याला परवडते, कारण लागलेले त्याला असते.

प्रमुख याजकापुढे येशूला एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा तो गप्प बसला नाही. माझे बोलणे चुकीचे असेल तर ते दाखवून दे, बरोबर असेल तर का मारतोस, असे त्याने विचारले (योहान १८:२३). शिवी नाही, शाप नाही, पण माघारही नाही. शांत बोलणे कसे असते ते मला या एका ओळीत दिसते.

शेवटी आडनावाविषयी. आपल्या बीड जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत माणसाचे म्हणणे ऐकण्याआधी त्याचे आडनाव ऐकले जाते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. २०२५ साली जिल्ह्याच्या पोलीस दलाने अधिकाऱ्यांच्या टेबलांवरील पाट्यांवर आडनावे न ठेवता फक्त नावे ठेवली. पाटी बदलल्याने मन बदलते असे मी म्हणत नाही. पण तक्रार घेऊन आलेल्या माणसाला टेबलापलीकडे आधी माणूस दिसावा, एवढा तरी विचार त्यात आहे. आपणही ख्रिस्ती म्हणून यातून सुटलेलो नाही. कोण कुठल्या वस्तीवरचा, कोणाच्या घराण्याचा बाप्तिस्मा आधीचा, कोणाचा नंतरचा, हे आपण विसरत नाही.

धाकट्याच्या घरी मी गेलो तेव्हा त्याला म्हणालो, "ज्या चौघांसमोर बोललो त्यांच्यासमोर माफी मागतो." तो म्हणाला, "फादर, माफी राहू द्या. त्या दिवशी मला एकदा विचारलं असतं तरी पुष्कळ होतं." माफी मी पुढच्या रविवारी दारातच मागितली. मोजणीनंतर दोघा भावांनी मिळून नवे दगड रोवले.

या आठवड्यासाठी : ज्याच्याशी आपले पटत नाही अशा एका माणसाचे म्हणणे कागदावर चार ओळींत लिहावे, त्याला वाचून दाखवता येईल असे. जमल्यास खरोखर वाचून दाखवावे आणि तो दुरुस्ती सांगेल ती करावी. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनी उचल घेण्यापूर्वी एक संध्याकाळ दोघांनी बसून बोलावे. कोणाला माझ्यासमोर बसून बोलायचे असेल तर मिस्सेनंतर सांगावे. दोघांनीही यावे. एकट्याचे ऐकून मी आता काही सांगणार नाही.