डावा ब्रेक, उजवी बाजू

डॅन्यूबकाठच्या सायकलसहलीबद्दल पुण्या-मुंबईत कुणाशीही बोला, दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, तिथे गाड्या नसतात. दोन, चढ नसतात. म्हणजे साठीच्या माणसांनीही बिनधास्त जावं. दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत, आणि त्याच भरवशावर मी, माझे यजमान, नणंद आणि तिचे यजमान असे चौघे गेल्या वर्षी सप्टेंबरात जर्मनीतल्या पासाऊहून व्हिएन्नाकडे निघालो. त्यातले दोघे व्हिएन्नाला सायकलने पोचले आणि दोघे ट्रेनने. ट्रेनने का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी मार्गाविषयी थोडं. पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या मिळतात. तिथून व्हिएन्ना साधारण सव्वातीनशे किलोमीटर. पूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या बोटी घोडे लावून काठावरून ओढत. त्या घोड्यांच्या वाटेवरच आज बऱ्याच ठिकाणी सायकलमार्ग आहे, म्हणून तो इतका सपाट आणि पाण्याला इतका लगटून जातो. बहुतेक लोक पश्चिमेकडून पूर्वेला जातात, कारण वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो आणि नदीचा उतारही तोच. पैसे वाचतात म्हणून व्हिएन्नाहून उलटं निघू नका, समोरचा वारा चढापेक्षा वाईट. सामान एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात पोचवणाऱ्या कंपन्या आहेत, तेव्हा पाठीवर ओझं नाही. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर, मध्ये कॉफी, वाटेत जर्दाळूच्या बागा. सगळं खरं आहे.

पण बिनगाड्यांच्या रस्त्यावर माणूस सावध राहत नाही. सिंहगड रोडवर सायकल चालवताना आपण सगळी इंद्रियं ताणून असतो. हॉर्न, बस, खड्डा, अचानक दार उघडणारी रिक्षा. इथे हॉर्नच नाही. अर्ध्या तासात मन सैल होतं आणि हात-पाय आपल्या जुन्या सवयींवर चालू लागतात. एकदा शिकलेली सायकल माणूस विसरत नाही म्हणतात. शरीर काहीच विसरत नाही, अडचण तीच आहे.

वन्संनी तीस वर्षं स्कूटर चालवली. नोकरी, भाजी, मुलांच्या शाळा, सगळं स्कूटरवर. आपल्या स्कूटरला उजव्या मुठीशी पुढचा ब्रेक असतो आणि डाव्या मुठीशी मागचा. नव्या स्कूटरींची डावी लिव्हर दोन्ही चाकांना लागते, तरी हाताला सवय एकच: थांबायचं तर आधी डावा दाब. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या सायकलींना बहुधा नेमकं उलटं असतं. डावी लिव्हर पुढच्या चाकाची, उजवी मागच्या चाकाची. सायकल ताब्यात देणाऱ्या माणसाने आम्हाला बॅटरी कशी काढायची, कुलूप कसं लावायचं, सीट किती उंच करायची हे सगळं नीट दाखवलं. ब्रेकबद्दल तो बोलला नाही. त्याच्या दृष्टीने त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्या जगात असंच असणार, असं त्याला वाटत असेल, आणि आम्हालाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी श्लोगेनच्या वळणापाशी आलो. इथे डॅन्यूब कठीण खडकाला वळसा घालत जवळजवळ उलट फिरते. उत्तर काठावर आऊ नावाच्या वस्तीपाशी सायकलमार्ग संपतो, कारण पुढे डोंगर सरळ पाण्यात उतरतो. पलीकडे जायला किंवा नदीतूनच पुढे जायला सायकली घेणारी छोटी फेरीबोट आहे. बोट धक्क्याला लागलेली दिसली. धक्क्याकडे जाणारा उतार लहानसा, पण खडीचा. वन्सं पुढे होत्या, बोट सुटेल म्हणून जरा घाईत. उतारावर वेग वाढला तसा डावा हात गच्च आवळला गेला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, पंचवीस किलोची इलेक्ट्रिक सायकल आडवी झाली आणि वन्सं खांद्यावर आपटल्या. हेल्मेट दगडाला लागून चिरलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, हे संध्याकाळी इस्पितळात कळलं. पण चेहरा पांढराफटक झाला तेव्हाच आम्ही ओळखलं होतं की सहल इथे संपली.

बोटीवरच्या माणसाने बोट थांबवून ठेवली, १४४ ला फोन केला आणि ठिकाण एका वाक्यात सांगितलं. कुठलं गाव, कुठला काठ, नदीचा कितवा किलोमीटर. डॅन्यूबच्या काठावर किलोमीटरचे फलक आहेत, आणि मोजणी उगमापासून नाही, तर काळ्या समुद्राकडच्या मुखापासून उलटी आहे. पासाऊपाशी आकडा २२०० च्या वर, व्हिएन्नाच्या राइखस्ब्रुक पुलापाशी १९२९ च्या आसपास. डावा-उजवा काठ ठरतो प्रवाहाच्या दिशेला तोंड करून. आम्ही पहिल्या दिवशी ते फलक फक्त गंमत म्हणून पाहत होतो. तुम्ही दर थोड्या वेळाने आकडा लक्षात ठेवा. जिथे ना दुकान ना घर, तिथे तोच तुमचा पत्ता. अॅम्ब्युलन्स १४४, आणि सगळ्या युरोपात चालणारा ११२.

तेव्हा सायकल हातात आली की निघू नका. आधी प्रत्येक लिव्हर वेगळी दाबून कुठलं चाक थांबतं ते पाहा. केबलचे ब्रेक असतील तर दुकानदाराकडून अदलाबदल करून घेता येते. हायड्रॉलिक असतील तर ते काम जिकिरीचं, मग डाव्या लिव्हरला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा आणि उतारावर उजवी आधी दाबायची सवय करा. दुसरी खोच पेडलची. तिकडच्या बऱ्याच सायकलींना पेडल मागे फिरवलं की ब्रेक लागतो. आपण सिग्नलला थांबताना पाय टेकायला सोयीचं म्हणून पेडल सहज उलटं फिरवतो. त्या सायकलवर तसं करायला गेलात तर चालत्या सायकलीला एकदम गचका बसतो. बुकिंग करतानाच या ब्रेकला 'रुकट्रिट' म्हणतात हे लक्षात ठेवून 'फ्रायलाउफ', म्हणजे पेडल मोकळं मागे फिरणारी सायकल मागा. आणि उंची कमी असेल तर लहान फ्रेमची, मधला दांडा खाली असलेली. पाय नीट टेकत नसताना 'चालेल हो' म्हणू नका. आपल्या बायका हे फार म्हणतात.

बाजूचंही तसंच. तिथे उजवीकडून चालायचं, हे गाड्यांच्या रस्त्यावर आपल्याला पटकन जमतं, कारण समोर गाडी दिसते. मोकळ्या सायकलवाटेवर समोरून अचानक कुणी आलं की हात आपसूक डावीकडे वळतो, आणि समोरचा त्याच्या उजवीकडे. म्हणजे दोघंही एकाच बाजूला. ह्यांची दोनदा अशी टक्कर होता होता वाचली. गाड्या नसल्या तरी वर्दळ असते: शर्यतीच्या वेगाने जाणारे, पोरंबाळं, कुत्री. फोटो काढायचा तर वाटेबाहेर उतरा. वळण्याआधी हात दाखवा. गप्पा मारत चौघांनी फळी धरून जाणं हा आपला आवडता प्रकार तिथे खपत नाही, आणि मागून वाजलेल्या घंटीत राग नसतो, सूचना असते.

विम्याचं सांगायलाच हवं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, म्हणून आपण सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेऊन मोकळे होतो. पॉलिसीत सायकलिंगचा समावेश आहे का, इलेक्ट्रिक सायकल चालते का, हे लेखी विचारा. काही पॉलिसी साहसी खेळ वगळतात आणि साहसाची व्याख्या विमा कंपनीची असते. अपघात झाल्यावर त्याच दिवशी कंपनीला कळवा, इस्पितळाचा अहवाल आणि प्रत्येक पावती जपा. आमच्या मेहुण्यांनी औषधांच्या पावत्या फेकल्या होत्या.

नदीचंही वेळापत्रक असतं. फेरीबोटी साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच आणि संध्याकाळी लवकर बंद. शेवटची चुकली तर मागे पुलापर्यंत जावं लागतं. वाखाऊ खोऱ्यात, श्पित्झ आणि वाइसेनकिर्शेनपाशी, इंजिनाशिवाय केवळ प्रवाहाच्या जोरावर तारेला धरून सरकणाऱ्या बोटी आहेत, त्या मात्र वेळ काढून पाहाच. पाऊस सलग पडला की काठाची वाट पाण्याखाली जाते. पासाऊच्या नगरभवनाच्या भिंतीवर पुरांच्या खुणा आहेत. जून २०१३ मध्ये तिथे पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं होतं. निघायच्या आधी आणि रोज सकाळी हॉटेलात विचारा. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारी फळं आणि ब्रेड घेऊन ठेवा. धरणांच्या वरच्या अंगाला बांधावरून जाताना मैलोगणती सावली नाही.

माउथहाउझेन वाटेत लागतं. नदीपासून वर टेकडीवर नाझींची छळछावणी होती, १९३८ मध्ये सुरू झालेली. तिथे आणि तिच्या उपछावण्यांत किमान ९०,००० माणसं मेली. कॉफी आणि आइस्क्रीमच्या मधल्या अर्ध्या तासात ते उरकण्याचा प्रकार मला तरी पटला नाही. जायचं तर अर्धा दिवस ठेवा, नाहीतर जाऊ नका.

वन्सं आणि मेहुणे लिंझहून ट्रेनने व्हिएन्नाला गेले. आम्ही दोघं मेल्कचा मठ, ड्युर्नश्टाइन, क्रेम्स करत सायकलने. हात गळ्यात अडकवून वन्संनी आमचं स्टेशनजवळच्या हॉटेलात स्वागत केलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'डावा ब्रेक कुठला, पाठ झालं का?'

आता आपल्याकडचे सहल आयोजकही या मार्गावर गट नेऊ लागले आहेत, म्हणून त्यांना एक विनंती. पहिल्या सकाळी पासाऊत स्वागताचं पेय आणि फोटो याआधी अर्धा तास एखाद्या मोकळ्या पटांगणात द्या. प्रत्येकाला डावा ब्रेक, उजवा ब्रेक, पेडल आणि उजवी बाजू स्वतः करून बघू द्या, खडीवर एकदा थांबवून दाखवा. आणि स्कूटरवाल्यांना दोनदा.