एक किल्ली, दोन खातेवह्या

आभासी चलनाचा धारक ज्याला ‘वॉलेट’ म्हणतो, त्या पाकिटात प्रत्यक्षात नाणी नसतात. त्यात असते ती गुप्त किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. बहुधा ती १२ किंवा २४ शब्दांच्या मालिकेतून तयार होते. नाण्यांची नोंद जगभरच्या संगणकांवरील सामायिक खातेवहीत असते. ज्याच्या हाती किल्ली, त्याचा नाण्यांवर ताबा, असा हा व्यवहार आहे. हरवलेली किल्ली पुन्हा देणारे कार्यालय येथे नाही.

फाटा म्हणजे काय?

खातेवहीच्या नियमांविषयी तीव्र मतभेद झाले, की एक गट नवे नियम स्वीकारतो व दुसरा जुन्याच नियमांनी चालतो. तोपर्यंतची पाने दोघांची सारखीच. पुढील पाने मात्र निराळी. यालाच ‘फोर्क’ अथवा फाटा म्हणतात. १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनला असा फाटा फुटून ‘बिटकॉइन कॅश’ निर्माण झाले. ज्याच्याजवळ दोन बिटकॉइन होते, त्याच्या वाट्याला नव्या खातेवहीतही दोन नाणी आली. किल्ली मात्र एकच राहिली. धोक्याचे मूळ येथेच आहे.

दोन धोके

पहिला धोका पुनरावृत्तीचा. २० जुलै २०१६ रोजी इथेरियमला फाटा फुटला, तेव्हा एका खातेवहीसाठी केलेली सही दुसरीतही ग्राह्य ठरत असे. परिणामी एक नाणे देताना दुसरेही हातचे जाई. बिटकॉइन कॅशमध्ये सहीची पद्धत आरंभापासूनच बदलल्यामुळे हा धोका टळला.

दुसरा धोका लोभाचा. २०१७ च्या अखेरीस ‘बिटकॉइन गोल्ड’ मिळवून देतो, असे सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर अनेकांनी आपले गुप्त शब्द लिहिले. त्यांची ३० लाख डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीस गेली. नव्या नाण्याच्या मोहापायी जुनी ठेव गमावली गेली.

घ्यावयाची दक्षता

१. घाई करू नये. नवे नाणे नंतरही मिळवता येते.
२. सहीची पुनरावृत्ती होत नाही, याची प्रथम खात्री करावी.
३. नव्या शब्दमालिकेचे पाकीट तयार करावे आणि ते शब्द कागदावर लिहून सुरक्षित ठेवावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये.
४. मूळ नाणी या नव्या पाकिटात हलवावीत व खातेवहीत तशी नोंद झाल्याचे पाहावे.
५. त्यानंतरच जुनी किल्ली नव्या नाण्याच्या अधिकृत प्रणालीत वापरावी. ती प्रणाली फसवी निघाली, तरी मूळ ठेव शाबूत राहते.

हा क्रम उलटा झाल्यास पुढील सारी दक्षता व्यर्थ ठरते.

भारतात आभासी चलनाला कायदेशीर चलनाचा दर्जा नाही. त्यावरील नफ्यावर मात्र २०२२-२३ पासून ३० टक्के कर आहे. फसवणूक झाल्यास १९३० या दूरध्वनी क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. आर्थिक व्यवहाराविषयी गावातील तरुण शिक्षकांचा व पंचायत सदस्यांचा सल्ला घेतात. गुप्त शब्द मागणारा कोणीही हितचिंतक नसतो, एवढे जरी त्यांनी पटवून दिले, तरी अनेक कुटुंबांची बचत वाचेल.